चेक आणि चेकनाका

नातीनं उंट तिरका सरकवला आणि ओरडली, "आजोबा, चेक!"

माझा हात आपसूक खिशाकडे गेला. चष्मा बाहेर आला, नाकावर चढला, आणि मी बुद्धिबळाच्या पटाच्या उजव्या कोपऱ्यात खाली सही शोधू लागलो.

"अहो, राजा हलवा," स्वयंपाकघरातून सौभाग्यवती म्हणाली. तिला पट दिसत नव्हता. पण मी गप्प का झालो असेन, हे तिला चाळीस वर्षांच्या अनुभवानं भिंतीपलीकडूनही कळतं.

बत्तीस वर्षं एका बँकेच्या क्लिअरिंग खात्यात काढली की माणसाचं असं होतं. तारीख, अंकी रक्कम, अक्षरी रक्कम, खाडाखोड, सही याच क्रमानं डोळे फिरतात. लग्नाची पत्रिका आली तरी मी आधी तारीख बघतो आणि 'आपले विनम्र'च्या खाली कुणाची सही नाही म्हणून अस्वस्थ होतो. त्यात राहायला मुलुंडला, चेकनाक्याजवळ. अंगात कायम चौकडीचा शर्ट, कारण मुलांना वडिलांच्या वाढदिवसाला दुसरं काही सुचत नाही, आणि दुकानदार तो पुढ्यात टाकताना म्हणतो, "काका, चेक्समध्ये घ्या, मळखाऊ असतो." नोकरी चेकची, घर चेकनाक्याचं, शर्ट चेक्सचा. शेवटी निवृत्तीनंतर मी ठरवलं, आयुष्यभर लोकांची कागदपत्रं तपासली, आता या शब्दाची एकदा केवायसी करून टाकू. नाव, वडिलांचं नाव, मूळ गाव, सध्याचा पत्ता.

मूळ गाव निघालं इराण. आणि वडिलांचं नाव शाह.

त्याचं असं झालं. आपल्याकडून चतुरंगाचा खेळ इराणात गेला, तिथे त्याला चतरंग म्हणू लागले, आणि पुढे अरबांनी त्याचा शतरंज केला. इराणी माणूस मुळात अदबशीर. समोरच्याच्या राजावर चाल करायची तर पाठीमागून वार नको, आधी हाक मारायची, "शाह!" म्हणजे महाराज, सांभाळा. ही हाक खेळाबरोबर अरबांकडे गेली, तिथून युरोपात, लॅटिनमध्ये तिचं 'स्काकस' झालं, फ्रेंचांनी 'एशेक' केलं आणि इंग्रजांनी पुढचा 'ए' गाळून 'चेक' करून टाकलं. परदेशी गेलेल्या आपल्या माणसांच्या आडनावांचं जे होतं तेच. गंमत पुढे आहे. त्या फ्रेंच शब्दाचं अनेकवचन इंग्रजांनी उचललं, त्याचं झालं 'चेस'. म्हणजे चेस याचा शब्दशः अर्थ 'शहा मंडळी'.

'चेकमेट' म्हणजे सरळ सरळ शाह मात. आता 'मात' म्हणजे काय, यावर विद्वानांचं जमत नाही. अरबीच्या अंगानं जाणारे म्हणतात, राजा मेला. फारसीवाले म्हणतात, मेला नाही, नुसता हतबल झाला. बँकेच्या भाषेत सांगायचं तर वाद एवढाच आहे की खातं बंद झालं की फक्त गोठवलं.

तर राजाला मारलेली ही हाक चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आली. राजावर हल्ला म्हणजे राजाची वाट अडली. म्हणून चेक म्हणजे अडवणूक. अडवणूक म्हणजे लगाम; म्हणून चेक म्हणजे अंकुश, ज्याच्यावर पुढे राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी पिढ्यान्‌पिढ्या 'चेक्स अँड बॅलन्सेस'चे पाठ घेतले. आणि मग कधीतरी अडवणाऱ्यानं विचारलं असणार, "थांबवलंच आहे तर बघू दे काय आहे ते." झालं, चेक म्हणजे तपासणी. पुस्तकात हा अर्थबदल समजायला जड जातो. मुलुंडच्या माणसाला नाही. जकातीच्या काळात आमच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागलेली असायची, आणि अडवणं व तपासणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत असं एकाही ड्रायव्हरला कधी वाटलं नाही.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. आता तिथे जकातीसाठी कुणी कुणाला अडवत नाही. अडवतं ते ट्रॅफिक. पण नाव चेकनाकाच राहिलं. हाक मारायचं कारण संपलं तरी हाक उरते, हे या शब्दाच्या खानदानात पहिल्यापासूनच आहे.

इथवर माझी केवायसी सुरळीत चालली होती. मग लक्षात आलं की या इसमाचं आपल्या बँकेत आधीच एक खातं आहे, दुसऱ्या नावानं. 'शह'! लहानपणी आम्ही 'चेक' कुठे म्हणत होतो? शहच म्हणायचो. फारसीतून तो थेट खुष्कीच्या मार्गानं मराठीत आला, दख्खनच्या दरबारांतून, वजीर-प्यादी बरोबर घेऊन. आणि चेक आला लंडनवरून बोटीनं. बाप एकच. पण एकाच वाड्यात दोन चुली मांडून मध्ये भिंत घातलेल्या भाऊबंदांसारखे दोघं मराठीत राहतात आणि एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. सकाळचा पेपर उघडा. राजकारणाच्या पानावर शह-काटशह, खेळाच्या पानावर चेकमेट, अर्थपानावर चेक न वटल्याची बातमी. तिन्ही पानांवर तोच इराणचा राजा.

एकदा ही नजर आली की पाव्हणे जिथे तिथे भेटू लागतात. बादशहात तो आहे. शहाजीराजांच्या नावात आहे. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पीराच्या नावावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली असं परंपरा सांगते. तो आमच्या जमिनीतही आहे. चाळीत आमच्या खोलीला शहाबादी फरशी होती आणि लाकडी पट घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून फरशीवर खडूनं चौसष्ट घरं आखून आम्ही खेळायचो. शहाबादवर बसून शहाला शह. आई फरशी पुसायला आली की दोन्ही राजे एकदम मात व्हायचे.

पण केवायसी म्हटली की नामसाधर्म्यापासून सावध राहावं लागतं. 'शहाणा' हा या घराण्यातला नाही. तो संस्कृत सज्ञानाचा वंशज, राजाशी त्याचा संबंध नाही, आणि इतिहास वाचलेल्या माणसाला याचा पुरावा मागायची गरज पडू नये. गुजराती शहाही वेगळे. त्यांची वाट साधू, साहू, साह अशी व्यापारी पेठेतून आलेली आहे. माझ्या खातेदारांत शहा भरपूर होते. त्यांचा चेक परत गेल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे साधू ही व्युत्पत्ती मला मान्य आहे.

उलट ज्याचा संशयसुद्धा येणार नाही असा एक नातलग आहे. फारसी शाह हा ज्या प्राचीन धातूवरून आला, त्याच कुळातला आपला 'क्षत्र'. त्यावरून क्षत्रिय, आणि इराणी राज्यकारभारातून फिरून आलेला क्षत्रप. या क्षत्रपांपैकी नहपान नाशिक परिसरावर राज्य करत होता आणि गौतमीपुत्र सातकर्णीनं त्याचा पराभव केला. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या जवळजवळ दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्रानं स्वतःचा छाप पुन्हा मारलेला आहे. नाणी वितळवायची तसदी नाही; शत्रूच्या तोंडावरच शिक्का. चेक पास झाल्यावर त्यावर 'पेड'चा शिक्का मारताना जे सुख आम्हाला मिळायचं, ते गौतमीपुत्राला नऊ हजारांच्या बंडलावर मिळालं असलं पाहिजे. त्याच्याकडे शिपाईही जास्त होते.

आता बँकेचा चेक. इथे फार लोक चुकतात, मीही चुकलो होतो. मला वाटायचं, आम्ही तो चेक करतो म्हणून तो चेक. तसं अगदीच नाही, पण अगदीच चूकही नाही.

बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचं हिशेबखातं एका टेबलावर चालायचं. सुमारे दहा फूट बाय पाच फूट. त्यावर काळं कापड, आणि कापडावर रेघा मारून पाडलेले रकाने. त्या रकान्यांत सोंगट्या सरकवून पौंड, शिलिंग, पेन्स मोजायचे. त्या काळच्या आकड्यांत बेरीज-वजाबाकी करण्यापेक्षा हे सोपं. लांबून पाहिलं तर वाटावं, मंडळी बुद्धिबळ खेळतायत. म्हणून खात्याचंच नाव पडलं 'एक्स्चेकर', म्हणजे पट. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील यानं या खात्याच्या कारभारावर पुस्तकच लिहून ठेवलंय, आणि त्यात तो म्हणतो की पटावर दोन राजांची लढाई असते तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांच्यात जुंपते. शेरीफ म्हणजे तिकडचा मामलेदार म्हणा. वर्षातून दोनदा वसुलीचा हिशेब घेऊन यायचा आणि समोर खजिनदार एकेक सोंगटी सरकवत बसायचा. आमच्याकडे ऑडिटर येत तेव्हा शाखाधिकाऱ्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसा त्या शेरिफाचा होत असणार; आठशे वर्षांत त्या चेहऱ्यात काही सुधारणा झालेली नाही. इंग्लंडचा अर्थमंत्री अजूनही 'चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर' म्हणवतो. म्हणजे पटाधिकारी. आणि माझा चौकडीचा शर्ट त्याच पटावरून उतरलेला आहे, कारण चेक्स म्हणजे पटाची घरं. मुलांनी माझ्यासाठी नकळत खजिनदाराचा गणवेश आणला म्हणायचा.

याच खात्यात पावती म्हणून लाकडी काठ्या वापरत. काठीवर खाचा पाडायच्या, ती उभी चिरायची, अर्धी याच्याकडे, अर्धी त्याच्याकडे. जुळवून पाहिलं की हिशेब पटला. त्याला म्हणत टॅली. मार्चअखेर 'टॅली लागत नाही' म्हणून रात्री दहाला डबे उघडणाऱ्या तमाम अकाउंटंटांचा उगम त्या काठ्यांत आहे. जुन्या झालेल्या या काठ्या 1834 मध्ये जाळून टाकायचं ठरलं. सरपण म्हणून गरिबांना वाटल्या असत्या तर चाललं असतं, पण सरकारी दफ्तर ते. त्या काठ्या पार्लमेंटच्या तळघरातल्या भट्ट्यांत कोंबल्या, आणि 16 ऑक्टोबरच्या रात्री जवळजवळ सगळं पार्लमेंट जळून गेलं. रेकॉर्ड रूम साफ करायला सांगितली की आम्ही टाळाटाळ का करायचो, याचं समर्थन मला साठीनंतर सापडलं.

आपण ज्याला चेक म्हणतो तसा कागद त्या आगीच्या आधीपासून होता. लंडनच्या सावकारांवर लिहिलेला चारशे पौंडांचा एक हस्तलिखित कागद जपून ठेवलेला आहे, त्यावर साल आहे 1659. आपल्याकडे ते प्रतापगडाचं साल. पण तेव्हा त्याला चेक म्हणत नव्हते. अठराव्या शतकात 'चेक' म्हणत ते स्थळप्रतीला, म्हणजे बँकेकडे राहणाऱ्या अर्ध्या तुकड्याला. खोटी सही, वाढवलेलं शून्य यांना अटकाव करणारा तो तुकडा. पुढे नाव तुकड्याला सोडून पानाबरोबर पळून गेलं. आणि इंग्रजांनी एक्स्चेकरच्या प्रतिष्ठेला भुलून त्याच्या शेवटचं 'सी-के' काढून 'क्यू-यू-ई' लावलं. एका अक्षराचा खर्च वाढला, आवाज तोच. अमेरिकन लोकांनी मात्र काटकसरीनं 'सी-के'च ठेवलं.

मराठीनं त्याला दोन नावं दिली. सरकारी कागदावर धनादेश, बोलताना चेक. धनादेश हा शब्द मी बत्तीस वर्षांत काउंटरवर कुणाच्या तोंडून ऐकला नाही, पण शब्द बरोबर आहे. राजाच्या वंशजानं आदेश नाही द्यायचा तर काय विनंती करायची? आणि तो परत गेला तर कायदा म्हणतो, धनादेशाचा अनादर झाला. 1 एप्रिल 1989 पासून कलम 138 खाली तो गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. राजाचा अनादर केल्यावर कैद, यात नवीन ते काय?

पण मराठीची खरी कमाई क्रियापदात आहे. चेक वटतो. इंग्रजीतला चेक 'क्लिअर' होतो, म्हणजे आकाशासारखा निरभ्र वगैरे, आपला वटतो. एका खातेदारानं, निवृत्त शिक्षक होते, शाखेला पत्र लिहिलं होतं, "माझा चेक वठला की नाही, कृपया कळवावे." मी 'ठ'खाली लाल रेघ मारून उत्तर लिहिलं, "चेक वटला. वठले ते खाते, शिल्लक रु. 11." साहेबांनी ते पाठवू दिलं नाही. गुरुजी स्वतःच आले तेव्हा मी त्यांना ते दाखवलं, आणि त्यांनी मला दहापैकी सात गुण दिले.

याच गुरुजींच्या सहीनं मला पुढे फार छळलं. हात कापायला लागला तशी सही नमुन्याच्या कार्डापासून दूर जाऊ लागली. आधी शेवटचा फराटा गेला, मग आडनावातला रफार सरकून शेजारच्या अक्षरावर बसला, आणि एका महिन्यात तर सहीचा आलेख खाली उतरून सहीच्या जागेबाहेर निघून गेला. नियमाप्रमाणे 'सही जुळत नाही' म्हणून चेक परत पाठवायला हवा. मी तो हातात घेऊन बाहेर बाकावर त्यांच्याशेजारी जाऊन बसायचो आणि म्हणायचो, "गुरुजी, नवीन नमुना देऊन टाका." ते म्हणायचे, "पुढच्या महिन्यात हीसुद्धा जुनी होईल." तीन नमुने बदलले आम्ही. चौथ्याच्या वेळी त्यांचा मुलगा आला, खातं बंद करायला.

असो. क्लिअरिंगमध्ये हसायलाही पुष्कळ असायचं. एका नव्या मुलाला साहेबांनी कर्जखात्यांची दोनशे पानी यादी दिली आणि म्हणाले, "ही जरा क्रॉस चेक कर." पोरगा आज्ञाधारक. संध्याकाळी यादी परत आली तेव्हा प्रत्येक पानाच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या समांतर रेघा होत्या आणि मध्ये सुवाच्य अक्षरात 'अकाउंट पेयी'. साहेब ओरडायला उठले आणि तसेच बसले, कारण चूक नेमकी कुणाची, हे त्यांनाही सांगता येईना.

हा घोळ काय आहे हे मला मुलीकडे न्यू जर्सीला गेल्यावर पुरतं कळलं. हॉटेलात जेवण झालं आणि वेटर अदबीनं वाकून म्हणाला, "चेक?" मी ताट पाहिलं, पाण्याचा ग्लास पाहिला, खिसा चाचपून पाकीट पाहिलं आणि म्हणालो, "सब ठीक." मुलगी म्हणाली, "बाबा, तो बिल विचारतोय." म्हणजे आपण चेक देतो, तिकडे चेक घेतात! विमानतळावर बॅग दिली तीही 'चेक' केली, म्हणजे तपासली नाही, नुसती त्यांच्या हवाली केली. जुन्या अमेरिकन रेल्वेत सामानाला पितळी बिल्ला अडकवत, त्या बिल्ल्यालाच चेक म्हणायचे. आमच्या बँकेतही चेक दिला की पितळी टोकन मिळायचं. त्या हिशेबानं माणूस चेक देऊन चेक घ्यायचा आणि पैशांची वाट बघायचा. शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं तर ते म्हणाले, "रेन चेक." मी खिडकीबाहेर पाहिलं, लख्ख ऊन. तो बेसबॉलचा शब्द निघाला. पावसानं सामना बुडाला तर तिकिटाचा तुकडा दाखवून पुढचा सामना बघायचा. थोडक्यात, आमंत्रणावर पुढची तारीख घातली होती. पोस्ट-डेटेड म्हटलं असतं तर मला लगेच समजलं असतं.

देवनागरीनं तर कहर केलाय. इंग्रजीत निदान स्पेलिंगं वेगळी आहेत. आपल्याकडे तपासायचा तोही चेक, वटवायचा तोही चेक, आणि प्रागमध्ये राहतो तोही चेक! त्या बिचाऱ्यांचा इराणच्या राजाशी काही संबंध नाही. चेख नावाच्या एका दंतकथेतल्या पूर्वजावरून ते आपलं नाव सांगतात. पण 'चेक कंपनीची गुंतवणूक' असा मथळा वाचून आमच्या सोसायटीचे खजिनदार म्हणाले होते, "चेकनं कशाला, आरटीजीएस करायचं ना." आणि चेकाळणं हा आपला अस्सल घरचा शब्द, त्याचाही यातल्या कुणाशी संबंध नाही. फरकाच्या रकमेचा चेक हातात पडल्यावर माझे सहकारी ज्या रीतीनं वागले, ते पाहता संबंध नाही यावर विश्वास ठेवणं अवघड गेलं एवढंच.

गेल्या आठवड्यात ही सगळी केवायसी डोक्यात घोळवत बसनं घरी येत होतो. चौकडीचा शर्ट, खिडकीची जागा. कंडक्टर ओरडला, "चेकनाका, चेकनाका!" मी उठतोय तोच पुढच्या दारानं तपासनीस चढला.

"तिकीट?"

मी वरच्या खिशात हात घातला आणि लागलेला कागद पुढे केला. त्यानं तो उलटापालटा करून पाहिला. मागची बाजू बघून पुन्हा पुढची पाहिली. भाचीनं दिवाळीला ओवाळणीची परतफेड म्हणून हट्टानं दिलेला पाचशे एकचा चेक होता, तेव्हापासून खिशातून खिशात फिरत होता.

"काका, हा चेक आहे."

"हो हो, थांबा, तिकीट आहे माझ्याकडे."

त्याची नजर अजून कागदावरच. आधी तारीख, मग अंकी रक्कम, मग अक्षरी, मग सही. क्रम अगदी बरोबर होता.

"आणि तीन महिने उलटून गेलेत," तो चेक माझ्या हातात परत देत म्हणाला, "आता वटायचा नाही हा."